मेंढ्यांच्या डोहाचं पाणी

२८ ऑक्टोबर

अन्याय झाला आहे! फ्रिजच्या मधल्या फळीवरचा माझा ताकाचा तांब्या बेदखल करण्यात आला. इतकी वर्षं तो तिथं नांदतोय, कूळकायद्यानं ती फळी एव्हाना आमच्या नावावर व्हायला हवी होती. आज दार उघडतो तर फळीवर ओढ्याच्या पाण्याच्या बाटल्या! प्रत्येकीवर चिठ्ठी, तारीख, ठिकाण. माझ्या ताकाला असा मान कधी मिळाला नाही.

"गार ठेवावं लागतं, नाहीतर शेवाळ धरतं," मंजुषा म्हणाली. बायको कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि सुट्टीत ओढे तपासते. यंदाचा विषय — खुलताबादच्या डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांत अ‍ॅस्बेस्टॉस आहे का. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांतला तंतू, डोळ्यांना न दिसणारा. पाण्यात आहे तोवर एवढं भय नाही म्हणते. वाळून हवेत उडाला आणि छातीत गेला, की तिथंच घर करतो. त्रास वीस-तीस वर्षांनी.

"ताक छातीत घर करत नाही," मी म्हणालो. ताक ओट्यावर आंबलं.

३० ऑक्टोबर

बाटल्या धरायला मला नेलं. आठवड्याला एक खवचट सदर लिहिणाऱ्या माणसाला बाकीचे दिवस काही काम नसतं, असं तिचं मत. खरं आहे, पण तोंडावर बोलायचं का?

खुलताबादच्या खाली धनगरांची छोटी वस्ती. ओढ्याला बांध घालून डोह केलेला, आणि डोहात मेंढ्या धुणं चाललेलं — कातरणीआधी धुतात. कमरेला पदर खोचून पाण्यात उभ्या होत्या त्या दगडाबाई. साठीच्या असतील. एकेक मेंढी मानेला धरून अशी चोळत होत्या की मेंढीच्या जागी पुढारी असता तर स्वच्छ निघाला असता.

मंजुषा मेंढ्यांकडं बघतच नव्हती. ती बांधाकडं बघत होती. फुटक्या सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे उभे रोवून, मधे चिखल लिंपून केलेला बांध. मेंढ्यांच्या अंगानं, खुरांनी त्यांच्या कडा झिजलेल्या.

"काय ताई, मेंढरं कधी बघितली नाय का?" दगडाबाईंनी विचारलं.

ती उत्तर देणार, तेवढ्यात मी बाटलीसकट डोहात. शेवाळ! अख्खी वस्ती हसली.

"आता आलेच हायेत तर दाजीला बी धुऊन काढा गं! लोकर नाय निघायची, पर मळ लई निघंल!" दगडाबाई ओरडल्या.

बायको ताई झाली म्हणून मी दाजी. ओळख होऊन पुरता तास झाला नव्हता. मग चुलीशी बसवून बाजरीची भाकर, ठेचा, आणि मी कुडकुडतोय म्हणून पाठीवर एक घोंगडी. ती टोचते. इतकं उबदार टोचणं मला आजवर जमलेलं नाही.

अंगणात आधीच कातरलेली लोकर वाळत होती. सून अक्षदाची रांगती पोर त्या लोकरीत लोळत होती. दोन-चार दिवसांत लोकर पिंजायची, मग सूत, मग सणगराच्या मागावर घोंगडी. चंपाषष्ठीला खंडोबाच्या अंगावर घालतात. घरच्याच मेंढ्यांची लोकर लागते. "मालक गेले तवापासून येक साल चुकलं नाय," दगडाबाई म्हणाल्या. मालक म्हणजे त्यांचा नवरा, त्रिंबक.

मंजुषानं निघताना चिमूटभर लोकरही पिशवीत घेतली. परतीच्या वाटेवर गाडीतच तिच्यावर तारीख, ठिकाण लिहिलं.

३१ ऑक्टोबर

माझ्या सदरावर इतकी वर्षं कुणी हसलं नाही तेवढं काल माझ्यावर हसले. आभारी आहे.

१ नोव्हेंबर

मंजुषाला राहवेना. पुन्हा वस्तीवर गेलो. तिनं सरळच सांगितलं — पत्र्यांतला तंतू पाण्यात असेल, पाण्यातून लोकरीत असेल, आणि लोकर पिंजली की घरभर उडेल. नमुने पुण्याला पाठवलेत, तिथून तपासणीचा कागद येईतो पिंजू नका. पोरीला लोकरीपासून लांब ठेवा. लोकर ओली करून झाकून ठेवा.

दगडाबाईंचा चेहरा उतरला. "देवाची लोकर हाय ताई. तिला काय व्हतंय?"

"नसेल झालं तर मी पाया पडून माफी मागेन," मंजुषा म्हणाली. "पण कळेपर्यंत थांबा."

अक्षदा पोरीला कडेवर घेऊन दारात उभी. दगडाबाईंनी एकदा लोकरीकडं बघितलं, एकदा नातीकडं.

"देव थांबंल," म्हणाल्या. "ही श्वास घ्यायची थांबंल व्हय?"

आणि स्वतः घागरभर पाणी ओतलं लोकरीवर. हाती कसला कागद नाही, पुरावा नाही. दोन दिवसांच्या ओळखीवर. मला कुणी असं सांगितलं असतं तर मी आधी त्यावर सदर लिहिलं असतं.

४ नोव्हेंबर

खलनायक सापडला! पत्रे आप्पासाहेबांच्या कांद्याच्या चाळीचे. मोठी जमीन, मोठी मिशी, मोठा ट्रॅक्टर. चाळीवरचे पत्रे वादळात फुटले आणि साहेबांनी कचरा गरिबांच्या ओढ्यात टाकला! सदराचं नावही सुचलं — 'पत्रदानशूर'. लेखणी परजून भेटायला गेलो.

त्यांनी आधी चहा दिला. मग म्हणाले, "वादळाच्या साली दगडाबाईची मेंढरं माझ्या रानात बसवली होती. खताला. रिवाज असा की बसवलेल्या रात्रींचं धान्य द्यायचं. पण माझंच पीक गेलेलं. बाई म्हणाली, राहू द्या आप्पा, तुमच्याच लेकरांना पुरवा. मला लई लागलं ते. ह्यांचा बांध दरसाल वाहून जायचा. म्हटलं, एवढं तरी करावं. माझ्या हातानं रोवले हो ते पत्रे! गुडघाभर चिखलात उभं राहून."

मग दबक्या आवाजात, "वाईट असतंय का ते?"

सांगितलं. कपातला चहा तसाच राहिला त्यांचा.

एक माणूस उपकार विसरला नाही, त्यातून हे झालं. आता मी शिव्या कुणाला देऊ? सदर गेलं. बरं झालं, गेलं.

७ नोव्हेंबर

पुण्याचा कागद आला. बांधाच्या वरच्या पाण्यात काही नाही. वस्ती पिते त्या खालच्या विहिरीत नाही — देवा, तुझे उपकार. डोहात आहे. लोकरीत आहे.

मंजुषानं कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "पिंजली नाही त्यांनी. पिंजली नाही रे." ती मला एरवी अरे-तुरे करत नाही.

८ नोव्हेंबर

तोंडाला मास्क, हातमोजे, सगळं भिजवून भिजवून. आप्पासाहेब स्वतः पाण्यात उतरले. एकही पत्रा आणखी फुटू दिला नाही. जाड प्लास्टिकात गुंडाळून बांधले आणि ट्रॅक्टरवर चढवले. पुढं योग्य जागी नेण्याची खटपट मंजुषानं लावली आहे. लोकरही पिशव्यांत भरून गेली. नव्या बांधाला दगड पाठवतो, आप्पासाहेब म्हणाले. "सिमेंटचं कायच नको," दगडाबाईंनी बजावलं.

मी विचारलं, "आता घोंगडी?"

तर त्यांच्या घराण्यात त्यालाही वाट आहे. ज्या साली घरची लोकर जाते, त्या साली मागून आणायची. विकत घेतलेली चालत नाही. ज्यानं ज्यानं ह्या घरची भाकर खाल्ली, त्यानं मूठभर द्यायची. मग ती घरचीच.

दगडाबाई बोटांवर नावं घेत बसल्या. देवगाव रंगारीचे रामहरी, वेरूळची नणंद, आणखी कुणी कुणी. आमचं नाव त्यात आलं नाही. साहजिकच. शहरातल्या माणसाकडं मेंढी कुठली? त्यांनी आम्हाला अवघडवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

तरी टोचलं.

११ नोव्हेंबर

कन्नड रस्त्यावर एका अनोळखी मेंढपाळापुढं हात पसरला. आयुष्यात पहिल्यांदा. काळीभोर लोकर, मूठभर. "कुणाच्या घोंगडीला?" त्यानं विचारलं.

"आमच्या," म्हणालो.

वस्तीवर गेलो तेव्हा दगडाबाई रानात होत्या. दारातल्या टोपलीत मूठ सोडली आणि हाक न मारता परतलो.