लाल विहीर, पांढरी विहीर

ता. ४ मे १९३६, सोमवार
सरसीले आज पुन्हा चार येळा जुलाब. दीड वर्साची पोर, मांड्या काड्यावानी झाल्या. वरच्या गावात हैजा हाय. मले लय भेव वाटते. हे सरकारी नकाशावाल्या बाबूची मोजनीची साखळी धराले गेले. बाबू नाला मोजते, बोडीचं तळं मोजते, दर विहिरीचं पानी शिशीत भरते. सासूबाय म्हनते, "सरकारले तहान लागली काय वो?"

ता. ६
बाबूनं नकाशा दाखवला. निळी रेघ म्हनजे नाला. वरच्या गावातून निघते, आमच्या बोडीत येते. बोडीचं पानी झिरपून आमच्या विहिरीत. म्हनजे तिकडची सारी घान सरसीच्या पेल्यात! आमच्या विहिरीले लाल रंग मारला, पिऊ नोका म्हनून. टोलीवरच्या, बाजूच्या वस्तीच्या, विहिरीले पांढरा, ते चांगली. एवढं बोलून बाबू बैलगाडीत बसला, गेला. दवंडी नाय, काई नाय. आयकाले मी एकटीच.

ता. ७
डोस्कं फिरलं. लाल रंगाले बाया हळद-कुकू वाहून रायल्या! म्हनते, सरकारनं विहिरीले शेंदूर लावला, आता मरीमाय येत नाय. आन पांढरी ते रांडव विहीर. मी टोलीवरून पान्याचा गुंड भरून आनला तं सासूबायनं दारातच ओतून देल्ला. "कुकवाची सोडून रांडवेचं पानी आनतेस? नवऱ्यावर उठली काय?"
यायले म्हनली, तुमी साखळी धरली, तुमी सांगा. "मायसंग कोन भांडन?" आख्खा नाला मोजला, मायले दोन शब्द सांगनं होत नाय.

ता. ८
उकळून देते म्हनली. "देवाचं पानी चुलीवर?" काय बोलाव या बाईले. सरसी आता रडत बी नाय.

ता. ९
भर उन्हात टोलीवर कोनी नोयतं. गेरू कालवून नेला, पांढऱ्यावर पोतला.

ता. ११
सासूबाय सोताच टोलीवरून गुंड आनते! "ते बी सवाशीन झाली वो. हिचंच गोड लागते." कपाळ माहं. सरसीच्या पोटात वाटीभर पेज ठरली.

ता. १४
हे सांगत आले, उद्या गोट्याच्या गाड्या घेऊन मानसं येते, लाल विहीर बुजवाले.
"कोनती?"
"लाल म्हनजे लाल. मले काय इचारतेस?"
"नकाशात पायतीन ना?"
"नकाशा बाबूसंग गेला. त्या मानसायले रंगच सांगतला."
गेरू पुसला तं सासूबाय पुन्हा पानी ओतते. नाय पुसला तं चांगली विहीर जाते, नाय तं दोन्ही जाते. मंग गाव काय पिते, माती? यायले खरं सांगाव तं मारतीन का हासतीन, समजत नाय.
हे पाय धुऊन बसले जेवाले. पयले वाढते, मंग सांगतेच.