यंदा येऊ नकोस

२१ डिसेंबर

ताईचं पत्र. पाच ओळी! "यंदा सुट्टीत येऊ नकोस. घर रंगवायला काढलंय. धुळीनं तुला खोकला होईल." हे गेले त्या वर्षापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, मी सुट्टी तिच्याकडे काढते. ताईनं लग्न केलं नाही, मला मूलबाळ नाही. एकोणीस वर्षांत माझ्या खोकल्याची तिला एकदाही काळजी वाटली नाही!

बॅग अर्धी भरली होती. रिकामी केली.

२२ डिसेंबर

इमारत ओस पडलीय. समोरच्या दाराला कुलूप, वरच्यांच्या दाराला दोन. नुसती बसून राहिले तर खचेन. शाळेत सुट्टीआधी सिस्टर प्रत्येकीला एक कार्ड द्यायच्या — तीन संकल्प लिहा, परत आलात की विचारीन. ताई माझं कार्ड चोरून वाचायची आणि पेन्सिलीनं खाली लिहायची, 'जमणार नाही'.

आज औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. एक : रोज सकाळी तळ्याला तीन फेऱ्या. दोन : चार वर्षं रेंगाळलेली निळी शाल विणून संपवायची. तीन : ताईला आपण होऊन फोन करायचा नाही.

२३ डिसेंबर

दीड फेरी. मग गुडघ्यानं संप पुकारला. शाल चार बोटं. तिसरा संकल्प शंभर टक्के!

२४ डिसेंबर

तळ्यावरून येताना कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात डोकावले. सहज विचारलं, सुट्टीत घर रंगवून मिळेल का?

"कसले रंगारी, बाई! सगळे आपापल्या घरी गेले. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत एक ब्रश हलायचा नाही."

इथे हलत नाही. ताईकडे बरा हलतो!

२६ डिसेंबर

दुपारी फोन वाजला. ताई! (तिनं केला, मी नाही.)

"एकटी नाहीस ना गं?"

"छे! मैत्रिणी आल्यात. बसायला उसंत नाही."

खोटं. सकाळपासून फक्त दूधवाल्याशी बोलले होते, तेही 'अर्धा लिटर' एवढंच.

"बरं झालं बाई," म्हणाली. विचारलं, रंग कुठला देतेयस? पांढरा. सगळीकडे? हो, सगळीकडे. — पांढऱ्या भिंती पाहिल्या की हिला दवाखान्यात निजल्यासारखं वाटतं! तेवढ्यात मागे कुणीतरी खळखळून हसलं. "कोण गं?" "टीव्ही." आणि हसणं एकदम बंद.

पाणी कुठेतरी मुरतंय.

२७ डिसेंबर

फेऱ्या नाहीत. शाल नाही. विचार करत बसले.

मावसबहीण! तीच असणार. गोड बोलून घरात शिरण्यात पटाईत. मागे एकदा ताईला म्हणाली होती, "मलाही बोलवत जा की कधी." बोलावलं असेल. आता माझ्या खिडकीजवळच्या पलंगावर लोळत असेल आणि दोघी मला हसत असतील.

वसतिगृहात पहिल्या वर्षी मी सारखी रडायची. ताई जेवणाच्या रांगेत माझ्या मागे उभी राहायची आणि माझ्या वेणीचं टोक धरून ठेवायची. बोलायला बंदी होती. मी आहे, एवढं कळावं म्हणून धरायची.

तीच ताई!

२८ डिसेंबर

मावसबहिणीला फोन केला. तिला करायचा नाही असं पुठ्ठ्यावर कुठे आहे? तर ती आपल्याच घरी, तापानं फणफणलेली, नाक चोंदलेलं.

"मी कुठली जातेय! आणि तू ताईकडूनच बोलतेयस ना? दे की तिला."

"मी?"

"परवाच म्हणाली ती. चिमी आलीय, दोघींच्या गप्पा संपत नाहीयेत म्हणून."

कसाबसा फोन ठेवला. म्हणजे मी तिथे आहे! भिंती रंगताहेत आणि मी शेजारी बसून गप्पा मारतेय. ही काय लपवतेय? आजारी आहे? घर विकतेय? की माझा वीट आला?

फोन करायचा नाही, असं लिहिलंय. जायचं नाही, असं लिहिलेलं नाही. बॅग भरली. सकाळची बस.

२९ डिसेंबर, ताईकडे

रंग नाही. रंगारी नाहीत. पाहुणे नाहीत. टेबलावर एक ताट. मला पाहून ताईचा चेहरा फुलला, आणि लगेच मिटला. "का आलीस? मोकळं केलं होतं ना तुला?"

मला कळेना. मग म्हणाली, "गेल्या वर्षी गॅलरीत फोनवर तुझ्या शेजारणीला सांगत होतीस. 'ताईला कुणी नाही, म्हणून दरवर्षी यावं लागतं.' मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते."

म्हणाले होते. शेजारीण लेकीकडे निघाली होती, फुशारकी मारत होती. मला कुणी नाही, म्हणून येते, हे तिला कसं सांगणार होते?

ताईला मात्र सांगायला हवं. ती आत चहा टाकतेय. आणि माझा पाय उचलत नाहीये.