टिक्याची मोजणी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

लातूर,
२२ जानेवारी २००१

चि. बसवंत यास अक्काचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की आपला टिक्या काल सकाळी गेला. उन्हात पडला होता. दुधात भाकरी कुस्करून समोर ठेवली, तर नुसती शेपूट एकदा हलवली आणि डोळे मिटले. मी रडले. हे तुला कोणाकडून तरी कळणारच, म्हणून आधीच सांगून टाकते.

धोंडप्पाने येऊन समजूत घातली, की नऊ वर्षं म्हणजे कुत्र्याच्या मानाने लई झाली. हाच धोंडप्पा गेल्या महिन्यात टिक्याच्या भुंकण्याने आपल्या भाडेकरू पोरांचा अभ्यास बुडतो म्हणून नगरपालिकेत अर्ज घेऊन निघाला होता. पूर्वी पेंडीची पोती ठेवायचा त्या खोलीत आता शिरूर अनंतपाळची चार पोरं डॉक्टर व्हायला येऊन राहिली आहेत. पोती तरी बरी, तिथे दोनच मावायची.

आपल्या मोकळ्या प्लॉटवर लिंबाखाली टिक्याला पुरलं. खड्डा जिलानीने खणला, रिक्षा बंद ठेवून. त्याच्या आईने, जन्नतबीने, जन्मभर टिक्याला उंबऱ्याला शिवू दिलं नाही, नमाजाची चटई बाटते म्हणून. पण रोज पहिली रोटी दाराबाहेरच्या खापरात पडायची ती त्याचीच. काल तिचे डोळे लाल होते. कांदा चिरत होते म्हणाली. कांदा लागावा असं घरात काल काय शिजलं, ते मी विचारलं नाही.

सिंधुला व सत्यमला आशीर्वाद. लोभ आहेच, पत्र मात्र वेळेवर येत नाही.

तुझी,
शिवकांताअक्का

॥ श्री ॥

नांदेड,
२९ जानेवारी २००१

ती. अक्कास,
बसवंतचा सा. न. वि. वि.

टिक्याचं वाचून वाईट वाटलं. सिंधु तर जेवली नाही. तिचा त्या दिवशी उपासही होता, पण ते सोड.

इथे तीन दिवस टीव्हीवर गुजरातचा भूकंप चालू आहे. आपल्या किल्लारीची आठवण येते. आपण सगळी गल्ली त्या प्लॉटवर ताडपत्रीखाली महिना काढला, आणि टिक्या रोज प्रत्येकाच्या पायाचा अंगठा हुंगत फिरायचा. एक जरी कमी भरला, तरी त्याच्या दारात जाऊन बसायचा आणि गळा काढायचा. आप्पा हट्टाने घरात झोपले होते तेव्हा त्याने असा आकांत केला, की आप्पा त्याला शिव्या देत उशी घेऊन बाहेर आले. आप्पांना ऐकायला लावणारा घरात तो एकच जीव झाला. आपल्याला ते कधी जमलं नाही.

असो. जुनं उगाळून काय मिळणार? एक कामाचं लिहितो. शेषेराव सरांचा फोन आला होता. त्यांच्या क्लासच्या वसतिगृहाला जागा कमी पडते, तर आपला प्लॉट मागतात. सत्यमला जूनपासून त्यांच्या खास बॅचमध्ये घेऊ म्हणतात, पुढच्या बाकावर. अक्का, त्या बॅचसाठी लोक पहाटेपासून रांगा लावतात. आप्पांनी प्लॉट आपल्या दोघांच्या नावावर केला, म्हणून तुझी सही लागते. पोराच्या जन्माचा प्रश्न आहे. टिक्या काही उठून हरकत घेणार नाही.

लोभ आहे तो सहीसकट वाढावा, ही विनंती.

तुझा,
बसवंत

॥ श्री ॥

लातूर,
३ फेब्रुवारी २००१

चि. बसवंत यास अ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. पहिल्या निम्म्यात तू माणूस होतास.

शेषेराव सर इथेही येऊन गेले. टिक्याच्या फोटोला हार घातला. हाराला क्लासची पत्रिका टाचलेली होती. मग म्हणाले, की वसतिगृहाच्या तळमजल्याला टिक्या स्मृती वाहनतळ असं नाव देऊ, म्हणजे भावना दुखावायच्या नाहीत. मी चहा दिला, साखर घातली नाही. ते गोड आहे म्हणाले. अशा माणसाला पदार्थविज्ञान कितपत येत असेल, याची मला शंका आहे.

तुला गल्ली आठवते ती राहिली नाही. अकरा घरं होती, अकराच आहेत, पण माणसं दीडशेच्या वर गेली. ज्याने त्याने गोठा, न्हाणी, जिन्याखालची जागा भाड्याने दिली. सरांच्या पहिल्या वसतिगृहाचा जिना एवढा अरुंद आहे, की वरून पोरगी उतरत असेल तर खालच्या पोरीने मागे सरायचं. भिंतीवर मात्र मोकळी जागा आहे, तिथे शंभरपैकी शंभरवाल्यांचे फोटो चिकटवले आहेत. आपल्या लिंबालाही दोन चिकटवले होते, ते मी फाडले.

माझा प्रश्न एवढाच आहे. पुन्हा जमीन हलली तर ही दीडशे माणसं पळतील कुठे? गल्लीत तेवढी एकच जागा उरली. म्हणून मी आणि जन्नतबी आळीपाळीने ती झाडतो, काच वेचतो, कोणाला गाडी लावू देत नाही. लोक हसतात. आठ वर्षांत माणूस किती विसरतो, हे तुझ्याकडे पाहून कळलं. सत्यम हुशार आहे. पुढच्या बाकावर बसून त्याचे कान वाढणार नाहीत.

लोभ असावा, सही नसावी.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥

नांदेड,
८ फेब्रुवारी २००१

ती. अक्कास सा. न. वि. वि.

कुत्र्यासाठी भाच्याचं नुकसान करणारी आत्या मराठवाड्यात तू एकटीच असशील. भूकंप काय दर आठ वर्षांनी एसटीसारखा येतो का? आणि आलाच, तर तुझ्यामाझ्यासाठी थांबेल का? माझ्या डोक्यात आता भूकंप नाही आणि कुत्राही नाही. माझ्या डोक्यात पोराची बारावी आहे.

मी रविवारी, १८ तारखेला, स्टँपपेपर घेऊन येतो. समोरासमोर बोलू. थालीपीठ केलंस तर रागावूनही खाईन.

राग आहे, तरी लोभ कमी नाही.

तुझा,
बसवंत

॥ श्री ॥

लातूर,
२० फेब्रुवारी २००१

चि. बसवंत यास अक्काचे अ. आ. वि. वि.

सुखरूप पोचलास हे सिंधुच्या फोनवरून कळलं. तू स्वतः फोन केला नाहीस, ते मी समजू शकते. तू रविवारी कोणाशी न बोलता जिलानीच्या रिक्षात बसून स्टँड गाठलंस, म्हणून काय काय झालं ते मीच लिहून ठेवते.

तू ओसरीवर बसून मला कुठे सही करायची ते दाखवत होतास. तेवढ्यात मागे गडगड झाली, मांडणीवरची भांडी वाजली, खिडकीची तावदानं थरथरली. मी थालीपीठ उलटत होते. मला उठायला वेळ लागला, कारण माझे गुडघे तुझ्याएवढे शहाणे नाहीत. मी दारात आले तेव्हा तू गल्लीच्या टोकाला होतास. तुझी डावी चप्पल ओसरीवर आणि उजवी तुझ्या पायात होती.

प्लॉटवर सगळी गल्ली जमली होती. धोंडप्पा होता, त्याची चार पोरं होती. शेषेराव सर तासावरून खडू हातात घेऊन धावत आले, मागून सगळी खास बॅच. सर नेमके टिक्याला पुरलं तिथे उभे राहिले आणि पोरींना जागा होत नाही म्हणून जन्नतबीला थोडं सरकायला सांगू लागले. जन्नतबीने त्यांना विचारलं, की मास्तर, वाहनतळ कुठं हाय तुमचा? अर्शीला, जिलानीच्या लेकीला, खाली बसवायला जन्नतबीला काहीतरी हवं होतं, तर तिने तुझ्या हातातला कागद घेतला आणि पोरीखाली अंथरला. अर्शी दोन वर्षांची आहे. कागदाचं पुढे काय झालं ते तुला ठाऊक आहे.

मग कळलं, की तो भूकंप नव्हता. सरांच्याच नव्या बांधकामावर टिपरने गिट्टी ओतली होती. लोक हसत हसत घरी गेले. सर सगळ्यांत आधी गेले.

बसू, तुझी चेष्टा पुरे. एक गोष्ट सांगायची म्हणून हे पत्र. पळताना तू हाक मारलीस. माझ्या नावाने नाही, सत्यमच्या नावाने नाही, आई म्हणूनही नाही. टिक्या, टिक्या असं दोनदा ओरडलास. साऱ्या गल्लीने ऐकलं. कोणी हसलं नाही. धोंडप्पासुद्धा.

तुझी चप्पल धुऊन ठेवली आहे. लोभ होताच, रविवारपासून थोडा जास्त आहे.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥

नांदेड,
२५ फेब्रुवारी २००१

ती. अक्कास,
बसवंतचा शि. सा. न. वि. वि.

हाक मारली हे खरं आहे. मला ती ऐकू आली तेव्हाच कळलं, की ती माझी आहे.

सरांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. पुढचा बाक भरला, असं ते लगेच म्हणाले. सत्यमला सांगितलं तर तो मोकळेपणाने हसला. म्हणाला, मला नांदेडलाच राहायचं होतं, पण तुम्ही विचारलंच नाही. सिंधु दोन दिवस बोलत नव्हती. आज बोलली, तेही तुझी बाजू घेऊन.

आता तुला न सांगितलेलं सांगतो. गिट्टी होती हे कळल्यावर सगळे परत फिरले, तेव्हा मी का उभा राहिलो ते तू विचारलं नाहीस. मी ९३ साली माझं अंथरूण होतं तिथेच, लिंबाच्या डाव्या हाताला, उभा होतो. एका पायात चप्पल नव्हती. तो येऊन अंगठा हुंगेपर्यंत हलायचं नसतं, एवढंच डोक्यात होतं. मग मला खूप रडू आलं, म्हणून मी कोणाशी न बोलता रिक्षात बसलो.

जन्नतबीला आणि जिलानीला माझा सलाम सांग. प्लॉट झाडायच्या पाळीत महिन्यातला एक रविवार माझा धर. चप्पल पोस्टाने पाठवू नकोस, मी घ्यायला येतो.

तुझा,
बसू