मशीनला दाखवलेला इंगा

३ मार्च, सोमवार
डीलिंग रूममध्ये मशीन आलं. दिसत काहीच नाही. ते म्हणे तिकडे शेअर बाजाराच्याच इमारतीत ठेवलंय. वायर जितकी आखूड, तितकी ऑर्डर लवकर पोचते. भाव स्वतःच बघतं, शेअर स्वतःच घेतं-विकतं. पापणी लवायच्या आत शेकडो ऑर्डरी टाकतं आणि रद्दही करतं. याला धंदा नाही, चावटपणा म्हणतात.
ते बनवणारी चष्मेवाली पोरगी मला ‘काका’ म्हणाली. डोक्यात तिडीक गेली.
साहेबांचा हुकूम : महिनाभर सरावाच्या बाजारात, खोट्या पैशांवर, मी विरुद्ध मशीन. हरेल तो घरी. मशीनला घर कुठलं? म्हणजे धमकी मलाच. बघतोच एकेकाला.

४ मार्च
संकल्प : नखं कापणे. पापणी न लवू देणे. चहा बंद.
टेबल ओढून भिंतीतल्या वायरच्या भोकाला चिकटवलं. आखूड म्हणजे आखूड! शिपायाने विचारलं, उंदीर शिरलाय का. मूर्खांना मी उत्तर देत नाही.

५ मार्च
डोळे सुजले. चहा घेतला. दोनदा.

११ मार्च
एकदम मोठी खरेदी केली की भाव चढतो, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून मी सातशे-सातशेचे तुकडे करून घेतो. वीस वर्षांचा शिरस्ता. आज पहिले सातशे घेतले आणि मशीन घाबरलं! माझ्यापुढे धावत जाऊन तोच शेअर उचलायला लागलं. स्वतःची अक्कल नाही, मग नक्कल. पुढचे तुकडे मला जरा महाग पडले, पण विकले कुणी? त्यानेच! झक मारत विकावे लागले.

१८ मार्च
रोज महाग पडतंय. बाजारच नालायक आहे.
हिला सांगितलं, मशीन माझ्यावाचून हलत नाही. ही म्हणाली, फुशारक्या पुरे. या वयात दुसरीकडे कोण दारात उभं करणार आहे तुम्हाला? घरचा भेदी तो हाच.

२८ मार्च
चष्मेवालीने साहेबांना सांगितलं, काकांना काढू नका. आली ना शेवटी वठणीवर! पोरगी तशी वाईट नाही.

३१ मार्च, संध्याकाळी
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चष्मेवालीने आलेख दाखवला. मशीनचा जवळजवळ सगळा नफा माझ्यामुळे. पहिले सातशे दिसले की ते ओळखतं, अजून येणार. मग पुढचा माल आधीच उचलतं आणि मलाच चढ्या भावाने विकतं.
मी म्हटलं, एवढंच ना? उद्यापासून तुकडे बदलतो. दोघंही एकदम ओरडले, खबरदार! बाजारात माझ्यासारखे हजारो आहेत म्हणे. त्यांच्यावर सोडायची नवी मशीनं शिकवून तयार करायला नमुन्याचा माणूस ऑफिसातच हवा. नोकरी पक्की. अट एकच : काही म्हणजे काही सुधारायचं नाही.
अंगाची लाही लाही झाली. सही करून आलो.
हिला अट सांगितली. ही म्हणाली, मग मिटली काळजी, ही नोकरी काही जात नाही तुमची.