तारल्यांच्या टेबलावरची शांतता

आसफी, ३ मार्च १९८६

ति. मिलूददादास,
दावियाचा कृतानेक सलाम. वि. वि.

शाल पोचली. आई ती पांघरून घरोघर फिरते, उकडत असलं तरी.

आपल्या तारल्यांच्या कारखान्यात नवे साहेब आलेत. मासे साफ करताना टेबलावर बोलायचं नाही, गायचं नाही. बोलणाऱ्यांची नावं मी लिहून द्यायची, कारण मी मुकादमीण. हाज बुशाईब मुकादम होते तेव्हा होड्या उशिरा आल्या की तेच आम्हाला गायला बसवायचे, आठवतं? परवा राकिया शिंकली. मी नुसतं अल्ला तुझं भलं करो म्हटलं, तर साहेबांनी माझंच नाव लिहून घेतलं!

तुझी, दाविया


मार्से, २० मार्च

चि. दावियास अनेक आशीर्वाद.

तू आणि गप्प? हमामातल्या बायका तुला पाहताच कान झाकायच्या.

मी झाकणं बसवायच्या यंत्रावर होतो, तेव्हा भिंतीपलीकडून तुमचं गाणं यायचं. त्यात आईचा आवाज मला वेगळा ओळखू यायचा. इथे गोदीत इतकी वर्षं झाली, तरी कान तिकडेच लागलेले असतात.

तरीही सांगतो, थोडे दिवस मान खाली घालून राहा. साहेब येतात नि जातात. घर तुझ्यावर आहे.

तुझा, मिलूद


आसफी, १४ एप्रिल

ति. दादास सलाम. वि. वि.

मान खाली घातली, दादा. सगळ्यांनीच घातली. मंगळवारी तुझ्या त्या झाकणांच्या यंत्रात डबा अडकला. राकिया तो काढायला वाकली. यंत्र सुरू करताना हात सांभाळा म्हणून ओरडायची तुझ्या वेळची रीत. आता यंत्रावर असणाऱ्या फादिलाने नियमाप्रमाणे नुसता हात वर केला. वाकलेल्या बाईला तो दिसणार कसा? राकियाची दोन बोटं गेली.

राकिया गप्पा मारत होती, असं लिहिलेल्या कागदावर साहेब माझी सही मागू लागले. मी म्हटलं, कुणी बोललं असतं तर बोटं राहिली असती. सही केली नाही. आता मी मासे धुवायच्या हौदावर आहे. फादिला जेवत नाही. सगळा दोष स्वतःलाच देते.

दाविया


मार्से, २ मे

चि. दावियास आशीर्वाद.

मान खाली घाल, हे मी लिहायला नको होतं. माफ कर. ते यंत्र मी नऊ वर्षं चालवलंय. ओरडल्याशिवाय ते सुरू करायचं नसतं, असं कामगार तपासनिसांना सविस्तर कळवलं आहे.

मिलूद


आसफी, ३० जून

ति. दादास सलाम. वि. वि.

तपासनीस आले ते तुझं पत्र हातात घेऊनच. साहेबांची बदली झाली. राकियाला बसून करायचं काम मिळालं, मला माझं टेबल. नव्या बाईसाहेब म्हणाल्या, खुशाल बोला, गा.

मी एक ओळ म्हटली. कुणी उचलली नाही. सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मग मीही थांबले.

त्याला आज तेवीस दिवस झाले. यंत्र सुरू करताना फादिला ओरडते, अगदी बंदरापर्यंत ऐकू जाईल इतकं. बाकी दिवसभर नुसता सुऱ्यांचा आवाज.

मोठ्या ईदेला ये. आई वाट पाहते. आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी बहीण,
दाविया