शिरवळपर्यंत किल्ली बंद केली नाही

आबा, गाडी विकली नाही. हे आधी सांगते, मग बाकीचं. तुम्हाला गोष्टीचा शेवट आधी लागायचा. कुणी हरवलेल्या मेंढरांचं लांबण लावायला लागला की तुम्ही म्हणायचात, "घावली का न्हाई त्येवढं आधी सांग. मग सांज हुईस्तवर सांगत बस." तर घावली म्हणा. गाडी दारात उभी आहे, तुम्ही लग्नात दिलेलं घोंगडं तिच्या सीटवर पसरलंय, आणि मी ओट्यावर बसून चहा पीत हे लिहितेय. किती महिन्यांनी गाडीकडं नीट बघवतंय. लय हलकं वाटतंय, आबा.

तुम्हाला ही गाडी माहीतच नाही. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी घेतली. पिकअप म्हणतात तिला; पुढं माणसं बसायची, मागं माल भरायचा उघडा हौदा. तुमचे जावई अजून लांब दक्षिणेतच आहेत, गलाईच्या दुकानात. सोनं गाळतात. विट्याकडची निम्मी घरं अशीच, बाप्ये तिकडं आणि बाया इकडं. मीही राहून आले त्यांच्याजवळ, दुकानामागच्या खोलीत. ॲसिडचा वास आणि शेजारणीचा एक शब्द कळेल तर शपथ. सासूबाई आजारी पडल्या म्हणून परत आले ती आलेच. सासूबाई बऱ्या झाल्या, पण मी काही परत गेले नाही. लायसन काढलं, पिकअप घेतली. आधी गावानं दात काढले, मग त्याच गावाचे फोन यायला लागले. डाळिंबं, कडबा, बाजाराचे मेंढे, जे म्हणाल ते. आटपाडीच्या बाजारात आता मला नावानं कोणी हाक मारत नाही, "पिकअपवाली आली रं" म्हणतात. तुम्ही असता तर मिशीत हसला असता. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

दिवाळीनंतर गाडीला काहीतरी झालं. सपाटीला, रिकामी असताना पाखरासारखी पळायची. माल भरून घाट चढायला लागलं की समोर पिवळा दिवा लागायचा आणि ताकदच जायची. ॲक्सिलरेटर पार तळाला दाबला तरी गाडी आपली कुंथत चाललीय. मागं ट्रकांची रांग, हॉर्नवर हॉर्न, एकजण काच खाली करून काय काय बोलून जायचा ते तुम्हाला लिहून सांगण्यासारखं नाही. मग माथ्यावर थांबायचं, किल्ली बंद करायची, चहा प्यायचा. परत किल्ली फिरवली की दिवा गेलेला, गाडी ठणठणीत! जणू मीच खोटं बोलत होते.

इस्लामपूरला कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे. तिथं हेलपाटे घातले. त्यांचा नियम असा, की गाडी मोकळी करून आणायची, धुऊन आणायची. मोकळी आणि धुतलेली गाडी ते सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आणायचे आणि म्हणायचे, "मॅडम, गाडीत काही नाही. गाडीचा कॉम्प्युटर जुनी नोंद दाखवत होता, पुसून टाकली." मी म्हणायचे, आवं, भरून घाटात न्या की एकदा. तर म्हणे भरलेली गाडी आम्ही घेत नाही. शेवटच्या खेपेला तिथल्या साहेबानं मान वर न करता विचारलं, "चालवतं कोण?" म्हटलं, मी. तो शेजारच्याकडं बघून म्हणाला, "तरीच." आणि कागदावर लिहून दिलं, की माल जास्त भरला जातो, गिअर चुकीचा पडतो, इंजिनावर ताण येतो, आणि हे वॉरंटीत बसत नाही.

तो "तरीच" माझ्या कानातून जाईना. भाकरी थापताना ऐकू यायचा. तुमच्या जावयांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "कंपनीची माणसं खोटं कशाला सांगतील? तू लय तरास करून घिऊ नगस. इकून टाक आन् इकडं ये. दुकानात बस माझ्याजवळ." रागानं नाही म्हणाले, काळजीनंच म्हणाले, आणि त्यामुळंच मला उलट बोलता येईना. गिऱ्हाईकही त्यांनीच फोनवरून ठरवलं, आमच्याच गावातलं. रविवारी येऊन गाडी घेऊन जाणार होतं. आणि सगळ्यात वाईट काय सांगू का, मलाही हळूहळू वाटायला लागलं, की असेल बाई आपलाच हात वाईट. प्रत्येक गिअर टाकताना खाली वाकून बघायला लागले.

त्याआधीची एक खेप मात्र शब्द दिलेली होती. भोरकडच्या एका मेंढपाळानं आटपाडीच्या बाजारात मेंढे घेतले होते, ते पोचवायचे होते. म्हटलं, ही शेवटची. सकाळी निघाले, कऱ्हाड गेलं, सातारा गेलं, सुरूर मागं पडलं आणि खंबाटकीच्या बोगद्याकडचा चढ लागला. दुसऱ्याच वळणाला दिवा लागला. ताकद गेली. मी कडेकडेनं, पहिल्या गिअरवर, देवाचं नाव घेत गाडी वर काढतेय. माथ्यावर, बोगद्याच्या अलीकडं, माझी चहाची नेहमीची जागा आहे. तिकडं वळायला मी दिवा दाखवलासुद्धा होता, आणि मागं एक मेंढा खोकला.

एक खोकला, आबा, आणि मी आटपाडीच्या बाजारात. मी नऊ-दहा वर्षांची असेन. आपण चालत गेलोय, कारण तुम्हाला एसटीत मळमळतं. बसावंच लागलं तर तुम्ही खिडकी धरून, नाकाशी लिंबू धरून बसता आणि तरी व्हायचं ते होतंच. मी एक मेंढा पसंत केलाय. काळाभोर, शिंगं कशी वळलेली. तुम्ही म्हणताय, "त्या टेकावर पळीव त्येला." विकणारा म्हणतोय, "आवं पाव्हणं, उभं तर हाय की झकास!" तुम्ही म्हणता, "उभं करून ठिवायला न्यायचं न्हाई मला." मी त्याला ओढत टेकावर नेते, वर पोचल्यावर मलाच धाप लागते म्हणून जरा बसते, तोही बसतो, मग आम्ही खाली येतो. तुम्ही नुसते माझ्याकडं बघता. मग म्हणता, "दम का खाऊ दिलास त्येला? आता काय कळायचं? जा, परत चढीव, आन् वरनं तसाच घिऊन ये माझ्याम्होरं." सगळ्या बाजारादेखत. मला रडू फुटलं होतं. परत नेला. ह्या वेळी न थांबता आणला, आणि तो तुमच्यापुढं येऊन जो खोकायला लागला तो थांबेचना. तुम्ही मेंढा विकणाऱ्याच्या हातात दिलात. माझ्या हातावर चुरमुऱ्याच्या भत्त्याचा पुडा ठेवलात आणि पुढच्या कळपाकडं चालू लागलात.

मी चहाच्या टपरीसमोरून पुढं गेले. दिवा बंद केला, म्हणजे वळायचा तो. पिवळा तसाच जळत होता. म्हटलं जळ! आज तुला दम खाऊ देत नाही. बोगदा पार केला, घाट उतरले, खंडाळा गेलं, शिरवळ आलं. तिथं हायवेला त्याच कंपनीचं मोठं वर्कशॉप आहे, ते जाता-येता बघितलेलं. गाडी सरळ फाटकात घातली. फाटकावर एक मिशीवाले काका, पलटणीतून रिटायर झालेले असावेत. म्हणाले, "मॅडम, पहिलं इंजन बंद. ऑर्डर हाय." म्हटलं, न्हाई करणार. "आवं बंद केल्याबिगर आत न्हाई सोडत." म्हटलं, तर मग मी फाटकातच उभी ऱ्हाते. मागं मेंढे ओरडतायत, माझ्यामागं दोन गाड्या अडकल्यात, काका कपाळाला हात लावून म्हणतायत, "ही जनावरं कशाला आणली वो सर्व्हिशिंगला?" एरवी मी हसले असते. तेव्हा मात्र माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते आणि मी ते सोडणार नव्हते.

गलका ऐकून आतून एक तरुण इंजिनिअर आला. मी एका दमात सांगितलं, की साहेब, हे बंद केलं की बरं होतं, म्हणून बंद करत नाही, आत्ता बघा. मला वाटलं हा आता विचारणार, चालवतं कोण. त्यानं वाकून पिवळा दिवा बघितला आणि म्हणाला, "बंद करू नका ताई. बरं केलंत." तिथंच फाटकात त्यानं गाडीतला दोष वाचायचं यंत्र जोडलं. मग स्वतः माझ्या शेजारी घोंगड्यावर बसला. आम्ही मागं फिरलो आणि मेंढ्यांसकट पुन्हा खंबाटकी चढलो, ह्या वेळी शिरवळच्या बाजूनं. मी चालवत होते. तो मांडीवरच्या पडद्याकडं बघत होता, मधेच माझ्या पायाकडं, मधेच गिअरकडं. मी घामाघूम. माथ्यावर आल्यावर म्हणाला, "इंजिनात जादा हवा ढकलणारा टर्बो असतो, त्यातला एक भाग तापला की अडकतोय. थंड झाला की आपोआप सुटतो, म्हणून सापडत नव्हता. गाडीतलाच दोष आहे. माल जास्त नाही, आणि तुमचा हात चांगला आहे."

काय सांगू, आबा. तिथंच रडले. गाडी चालवत, मेंढ्यांचा आवाज ऐकत, परक्या पोराशेजारी बसून रडले. तो बिचारा खिडकीबाहेर बघत बसला. बोगद्यातून परत आलो तोवर फाटकावरच्या काकांनी मेंढ्यांसाठी पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या होत्या. मेंढे भोरला पोचवून, हळूहळू येऊन गाडी शिरवळला सोडली. वॉरंटीतच अख्खा टर्बो बदलून मिळाला. ते काही एका फेरीत झालं नाही, इस्लामपूरच्या त्या कागदावरून बरीच फोनाफोनी झाली, पण त्या पोरानं स्वतः घाटातलं सगळं लिहून दिलं होतं, त्यामुळं कुणाचं काही चाललं नाही. तुमच्या जावयांना कळवलं. त्यांनी सगळं पहिल्यापासून परत सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे इकायची न्हाई म्हण की." म्हटलं, न्हाई. म्हणाले, "बरं मग. दिवाळीला आलो की मला बी बसीव शेजारी. बघतो तरी कशी चालवतीस." गिऱ्हाईकाला नाही म्हणून त्यांनीच सांगितलं.

काल डाळिंबं भरून खंबाटकी चढले. नवा टर्बो. दिवा लागला नाही. गिअरकडं बघावं लागलं नाही. माथ्यावर थांबून चहा प्यायले, नुसता चहा प्यायचा म्हणून. इतका गोड लागला.

आता एक राहिलं. गाडी आणायला गेले तेव्हा त्या इंजिनिअरनं विचारलं होतं, "ताई, चालू ठेवूनच आणायची, हे तुम्हाला सुचवलं कुणी?" आणि मी पटकन म्हणाले, "माझे वडील ड्रायव्हर होते. एसटीत." तुम्ही, आबा! एसटीत! नाकाशी लिंबू धरणारे तुम्ही! वर तो म्हणाला, "वाटलंच मला," आणि मी मान डोलावून आले. मेंढरं राखायचे असं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्यानं आत्ताच तर हात चांगला म्हटलेलं, आणि मला वाटलं, मेंढरांचं नाव काढलं की हाही म्हणेल, "तरीच." म्हणून तुम्हाला खाकी कपडे घालून मोकळी झाले.

हे कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही. घडी करून सीटवरच्या घोंगड्याखाली ठेवणार आहे. खरं तर हे तुमच्यासाठी नाहीच, त्या पोरापुढं बोलायचं आहे ते एकदा तुमच्यापुढं बोलून बघितलं. पुढच्या सर्व्हिसिंगला शिरवळलाच जाईन आणि सांगेन, ड्रायव्हर नव्हते, मेंढपाळ होते, आणि घाट कसा चढवून बघायचा ते त्यांनीच शिकवलं. तो "तरीच" म्हणाला तर म्हणू दे. मी म्हणेन, व्हय, तरीच.