साठ अक्षरांतला बाजारवार

ती. सोजरा आत्याबाईले धाड गावाहून गोपालचा वाकून नमस्कार. अमडापूरले तुहे गुडघे काय म्हणतात? इकडे सारे मजेत हायेत. बाबांचा आवाज तेवढा बसला, त्याचं कारण खाली येऊनच राह्यलं.

कोण्या गावाचा आठवडी बाजार कोण्या वारी, हे मोबाइलवर सांगणारं 'बाजारवार' म्या बनवलं, तुले ठाऊकच हाये. ते आता फुकटच्या सॉफ्टवेअरच्या सार्वजनिक यादीत चढवाचं होतं. बाबांनी (म्हणजे तुह्या कडूबादादानं) चढायच्या आधीच अर्ध्या बाजारले भजे खाऊ घातले. नाही चढलं तर मले तोंड दाखवाची सोय नव्हती. आणि चढवाले एका ओळीचं वर्णन लागते.

ते लिहाले बाबाच बसले. आपल्या घरात छापाचा मजकूर म्हणजे लग्नपत्रिका, म्हणून त्यांनी तसंच धरलं: 'आमच्या येथे श्रीकृपेकरून बाजारवार या सर्वोत्कृष्ट सॉफ्टवेअरचे आगमन झाले असून सर्वांनी सहकुटुंब लाभ घ्यावा.' खाली निमंत्रक म्हणून सारे भाऊबंद (तुहं नाव मानानं वर होतं). यादी तपासते पूनम, तुह्याच गल्लीतल्या पुंजाजी मास्तरांची पोरगी. तिनं वापस पाठवलं. साठ अक्षरांत बसवा, नाव पुन्हा नका लिहू (ते वर हायेच), स्वतःची तारीफ नाही, शेवटी पूर्णविराम नाही. बाबांनी निमंत्रक काढले, 'सर्वोत्कृष्ट' ठेवलं. वापस. मंग 'नामांकित' घातलं. वापस. शेवटी बाबा तिच्याशी फोनवर अर्धा घंटा भांडले (आवाज तिथंच बसला). तिनं शांतपणे इचारलं, काका, हे करते काय, तेवढं सांगा. बाबा चिडून बोलले, 'गावाचं नाव टाका, बाजाराचा वार सांगते, अजून काय पाह्यजे?' ती म्हणे, हेच लिहा.

'अजून काय पाह्यजे' काढून तेच चढवलं आणि लगेच मंजूर झालं. वर्णन आपलं हाये असं बाबा बसलेल्या आवाजात साऱ्या धाडले सांगून राह्यले. खरंच त्यांचंच हाये. मले लय आनंद झाला.

ता. क. पूनमनं तीनदा वापस पाठवलं, पण एकदाही आवाज चढवला नाही. मले ती पसंत हाये. मास्तरांकडे माह्यासाठी शब्द टाक.

ता. क. दुसरा. बाबाले सोबत नेऊ नको. तारीफ करू नको, निमंत्रक जोडू नको. एकच ओळ सांगजो: धाडचा हाये, प्रोग्राम लिहिते, चहा स्वतः करते

ता. क. तिसरा. वरची ओळ पूनमनंच तपासून देली. 'सर्वगुणसंपन्न' तिनं काढलं, चहाचं तिनं घातलं. शिकून राह्यलो.